क्लचचा काटा

"ट्रॅक्टर मधून फोडायची गरज मला तरी दिसत नाही," मी म्हणालो.

हिंदुराव खरमाटे शेडच्या दारात उभा होता. सहा फुटी गडी, पांढरा शर्ट, दंडावर चांदीचा ताईत. त्याची सावली माझ्या अंगावरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती.

"तुला दिसत नसंल. मला दिसतीया. फोड."

समोर त्याच्या द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर होता. दोन ओळींच्या मधून जाईल असा अरुंद, लाल रंग उडालेला, वीसेक वर्षांचा जुना. मी नुकताच तो सुरू करून पाहिला होता. पेडल तीनदा दाबलं, तिन्ही वेळा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. क्लच सुटत नसता, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून मोकळं होत नसतं, तर गिअर करकरला असता.

"अण्णा, क्लच चांगला सुटतोय."

"आत्ता सुटतोय. त्या दिवशी सुटला न्हाई."

त्या दिवशी म्हणजे तीन दिवसांपूर्वी. फवारणी करताना हिंदुराव चालवत असलेल्या ह्याच ट्रॅक्टरपुढे त्याची बहीण इंदाक्का सापडली होती. ओळीच्या शेवटी मांडवाचा लोखंडी खांब असतो, त्या खांबाला ट्रॅक्टरनं तिला दाबलं. कमरेचं हाड मोडलं, एक पाय मांडीपासून चेचला. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती पडून होती. क्लच दाबला पण ट्रॅक्टर थांबलाच नाही, असं गावात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

आणि तो क्लच चार महिन्यांपूर्वी मीच घातला होता.

मी दस्तगीर मुलाणी. तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. तासगावच्या बाजूला वीस-पंचवीस गावांत बागेचे छोटे ट्रॅक्टर दुरुस्त करायचो. त्या तीन दिवसांत मला अन्न गोड लागलं नव्हतं. माझी बायको खैरून विचारायची, काय झालंय, आणि मी सांगू शकत नव्हतो. एखादा बोल्ट ढिला राहिला असेल का? फोर्क नीट बसला नसेल का? बाईचा पाय माझ्या हातानं गेला का? म्हणून हिंदुरावचा निरोप आला तेव्हा मी दुसरं काम टाकून आलो होतो. फोडायची गरज नाही असं मी म्हणत होतो खरा, पण आत बघायची मला भीती वाटत होती, हेच खरं कारण होतं.

"फोड," तो पुन्हा म्हणाला. "उद्या हवालदार पंचनाम्याला येणाराय."

मी कामाला लागलो. बॉनेट, बॅटरी, डिझेलची नळी, स्टिअरिंगचा दांडा काढला. इंजिन एका अंगाला कलंडू नये म्हणून पुढच्या अॅक्सलवर दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकल्या. गिअरबॉक्सखाली ठोकळे रचले, इंजिनखाली चाकांचा जॅक सरकवला. सगळे बोल्ट सोडून टॉमीनं, म्हणजे आमच्या जाड लोखंडी पहारीनं, सांधा हलकेच उचकला आणि पुढचा अर्धा ट्रॅक्टर हातभर पुढं ढकलला. शेडची फरशी मागच्या बाजूला उतरती होती, म्हणून पुढच्या चाकामागे एक दगड लावला.

मध्ये हातभर फट पडली. मी टॉर्च पेटवून आत पाहिलं.

क्लच प्लेट नव्यासारखी होती. प्रेशर प्लेटची बोटं एका पातळीत होती. रिलीज बेअरिंग बोटानं फिरवलं तर आवाज न करता फिरलं. मग गिअरबॉक्सच्या बाजूला हात घालून मी फोर्क चाचपला. फोर्कला आम्ही काटा म्हणतो. पेडल दाबलं की हाच काटा बेअरिंगला पुढं रेटतो आणि क्लच सुटतो. काटा साबूत होता. त्याचा बोल्ट मी आवळला होता तसाच आवळलेला होता.

मला रडू आलं. खरंच आलं. तसाच वळलो आणि म्हणालो, "अण्णा, काही झालेलं नाही! काटा ठीक, बेअरिंग ठीक, प्लेट ठीक. माझ्या कामात खोट नाही हो!"

मी काय बोललो ते मला त्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर कळलं. क्लचमध्ये खोट नव्हती, तर मग बाई चेंगरली कशी?

हिंदुराव शांतपणे आत आला. कोपऱ्यातल्या भंगाराच्या पाटीतून त्यानं एक काटा काढला आणि माझ्यापुढे धरला. त्या काट्याचा एक पाय मोडलेला होता.

"ह्यो आत टाक. उद्या हवालदारापुढं उघडून दाखव. म्हण, मी जुना काटा टाकला हुता, त्यो मोडला."

"मी नवा टाकला होता."

"म्हाईत हाय मला."

"अण्णा, मी असं म्हणालो तर मला उद्यापासून कोण काम देईल? आणि ती बाई..."

"त्या बाईचं नाव घेऊ नगं."

"मी नाही टाकणार," मी म्हणालो.

त्यानं टॉमी कधी उचलली ते मला दिसलं नाही. पहिला घाव गुडघ्याच्या मागे बसला आणि मी फरशीवर पडलो. दुसरा पाठीत. तिसऱ्याला मी लोळण घेतली, टॉमी फरशीवर आपटून ठिणगी उडाली. माझ्या हाताला एकोणीस नंबरचा पाना लागला. मी उठता उठता तो भिरकावला, तो त्याच्या कानावर बसला. कान फाटला. पांढऱ्या शर्टवर रक्ताची धार लागली आणि त्यामुळं तो आणखीच पिसाळला.

"मुलाण्या, माझ्यावर हात टाकतोस?"

त्यानं मला गचांडी धरून गिअरबॉक्सवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. मी त्याच्या पोटात लाथ घातली, तो दोन पावलं मागं गेला, आणि त्याच वेळी दारात तात्या दिसले.

तात्या म्हणजे हिंदुराव आणि इंदाक्काचे वडील. पंचाहत्तरी ओलांडलेले, डोक्याला फेटा, एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्या हातात दोन पेले. माझ्यासाठी चहा घेऊन आले होते. मला हायसं वाटलं. बापापुढं हा हात आवरेल असं मला वाटलं.

"तात्या!" मी ओरडलो. "तात्या, बघा हे काय करतोय!"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लेकाकडे बघितलं. त्याच्या फाटक्या कानाकडे, हातातल्या टॉमीकडे. किटली त्यांनी उंबऱ्याशी खाली ठेवली, पेले तिच्या शेजारी ठेवले. आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं. बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला.

त्या आवाजानं माझ्यातलं बळच गेलं. मारानं गेलं नव्हतं, ते कडीनं गेलं.

हिंदुरावनं माझा डावा हात मनगटात धरला. त्याची पकड पकडीसारखीच होती. तो हात त्यानं त्या हातभर फटीत घातला, गिअरबॉक्सच्या लोखंडी काठावर दाबून धरला, आणि पायानं चाकामागचा दगड उडवला.

उतारावर इंजिन आपोआप मागं यायला लागलं. फार जोरात नाही. सावकाश येत होतं. मला ते येताना दिसत होतं. मी हात ओढत होतो, त्याला चावत होतो, दुसऱ्या हातानं त्याच्या त्या फाटक्या कानाला हिसडे देत होतो. तो हलला नाही. शेवटच्या क्षणी मी तीन बोटं ओढून घेऊ शकलो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आतच राहिलं.

मी कसा ओरडलो ते मला आठवत नाही. हाड फुटल्याचा आवाज मात्र आठवतो, ओली काटकी मोडावी तसा.

हिंदुरावनं इंजिनला खांदा लावला आणि दाबून धरलं.

"बोल. काटा कसा हुता?"

"अण्णा..."

"कसा हुता?"

"मोडका होता."

"कुणी टाकला हुता?"

"मी. मी जुना टाकला होता."

"आन् हाताला काय झालं?"

मला कळेना काय म्हणायचं ते. त्यानंच सांगितलं. "जॅक सरकला."

"जॅक सरकला," मी म्हणालो.

मग त्यानं टॉमी घालून इंजिन पुढं सारलं. पण दवाखान्यात लगेच नेलं नाही. आधी माझ्या चांगल्या हातानं साबूत काटा काढून घेतला आणि तो मोडका आत बसवून घेतला. मी रडत रडत बोल्ट आवळला. साबूत काटा त्यानं माझ्यादेखत मागच्या खिडकीतून विहिरीत फेकला. त्यानंतर माझ्या हाताला स्वच्छ टॉवेल गुंडाळला, दार ठोठावून कडी काढायला लावली आणि मला जीपमध्ये बसवलं. वाटेत त्यानं मला पाणी पाजलं. स्पीडब्रेकर आला की गाडी हळू घेत होता. "दुखतंय का लई?" असंही एकदा विचारलं.

त्याच जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी दोन्ही बोटं काढून टाकली. मी त्यांना सांगितलं, जॅक सरकला. खैरूनला सांगितलं, जॅक सरकला. ती माझ्या पाठीवरचे वळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी हवालदार कोळेकर आले, त्यांना पण तेच सांगितलं आणि वर म्हणालो, काटा जुना होता, चूक माझी. त्यांनी लिहून घेतलं. आजही काही लोक म्हणतात, दस्तगीर मिस्त्रीनं बोटं दिली पण खोटं बोलला नाही. मी तीन दिवस खोटं बोललो. चौथा दिवस माझ्या हिमतीनं आला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एक नर्स आली. "खालच्या बायकांच्या वॉर्डात खरमाट्यांची बाई आहे, ती बोलावतेय तुम्हाला."

मला जायचं नव्हतं. तरी गेलो.

इंदाक्का खिडकीजवळच्या खाटेवर होती. पायाला वजन लटकवलेलं, चेहरा राखेसारखा. चाळिशीची बाई. नवरा गेल्यावर अकरा वर्षांपूर्वी ती माहेरी परत आली होती आणि बागेत राबत होती. त्या दिवाळीत तात्यांनी दोन एकर बाग तिच्या नावावर केली होती. तिच्या उशाशी स्टुलावर तात्याच बसले होते, मोसंबी सोलत. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

"मिस्त्री, माफ करा मला," ती म्हणाली. "तुमचं नाव माझ्यामुळं खराब झालं."

"तुमच्यामुळं?"

"क्लच सुटला न्हाई असं पोलिसांना मीच सांगितलंय." तिनं तात्यांकडे बघितलं नाही, वर छताकडे बघत बोलत राहिली. "पहिल्याच दिवशी तात्यांनी माझे पाय धरले. चांगला पाय धरला. म्हणाले, इंदे, पोरगा एकच हाय, त्यो आत गेला तर माझं मढं कोण उचलंल? मी म्हटलं, बरं. आज नर्सबाई बोलल्या की क्लचचा मिस्त्री वर पडलाय, बोटं गेलीत. हे कसं झालं?"

"जॅक सरकला."

ती हळूच म्हणाली, "माझ्याशी तरी खरं बोला. खोटं कसं दिसतं ते मला चांगलं कळतं आता."

मी बोललो. टॉमी, पाना, काटा, दगड, सगळं सांगितलं.

"त्या वेळी कुणीच न्हवतं शेडात? हाक मारायची हुती."

"मारली होती. पण दार बाहेरून लावलं होतं."

"कुणी लावलं?"

तात्यांच्या हातातली मोसंबी थांबली होती.

"तात्या," ती म्हणाली, "तुम्ही लावलं?"

"इंदे, मी म्हातारा माणूस. मी काय करणार हुतो मधी पडून?"

वॉर्डात कुठं तरी एक बाळ रडत होतं. मग ती बोलायला लागली तेव्हा माझ्याशी बोलत होती, पण ऐकवत होती त्यांना.

"मिस्त्री, त्या दिवशी मी ओळीत आडवी उभी राहिले. म्हटलं, ही दोन एकर माझी हायत, हितं मला इचारल्याबिगर फवारायचं न्हाई. त्यानं ट्रॅक्टर अंगावर घातला. खांबाला दाबलं. मला वाटलं, चुकून झालं. कारण त्यानं लगेच मागं घेतला. मी खांबाला धरून उभी हुते, पाय हलत न्हवता. आन् त्यो माझ्याकडं बघून पुन्हा पुढं आला."

मी मनातल्या मनात गिअर मोजले. मागं घेतला म्हणजे रिव्हर्स टाकला. पुन्हा पुढचा गिअर टाकला. क्लच सुटत नसेल तर चालत्या ट्रॅक्टरला रिव्हर्स पडतच नाही. त्या माणसानं दोनदा क्लच दाबला होता. दोन्ही वेळा तो सुटला होता.

"मी हाका मारत हुते," इंदाक्का म्हणाली. "तात्या विहिरीवर हुते. शंभर पावलंसुद्धा न्हाईत. नंतर मला म्हणाले, मोटर चालू हुती, आवाजात काही ऐकू आलं न्हाई. मी इतके दिवस स्वतःला तेच सांगतीया. मोटर आधीपासून चालू हुती, आधीपासून चालू हुती." तिनं पहिल्यांदा बापाकडे मान वळवली. "मोटर माझ्या हाकेनंतर चालू झाली तात्या. मी तिसरी हाक मारली, तवा."

तात्यांच्या मांडीवरून सालं खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"खरंय का?"

"मला बघवंना गं," ते खालीच बघून म्हणाले.

"बघवंना म्हणून न्हाई. ऐकवंना म्हणून."

तिनं नर्सला हाक मारली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या वॉर्डानं वळून बघितलं. "बाई, पोलीस चौकीतून कोळेकर हवालदारांना बोलवा. म्हणावं, मला जबाब बदलायचाय."

कोळेकर आले तेव्हा चार वाजले असतील. ती अर्धा तास बोलली. एकदाही रडली नाही. कुठल्या ओळीत, कितव्या खांबाशी, पहिल्यांदा कुठं लागलं, दुसऱ्यांदा कुठं, तिनं आकड्यांसकट सांगितलं. तात्या तिथंच बसले होते. कोळेकरांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं तर तीच म्हणाली, "बसू द्या त्यांना. ऐकू द्या."

सही झाल्यावर हवालदार माझ्याकडे वळले. "आणि मिस्त्री, तुमचा जॅक सरकला ना?"

त्या क्षणी मला हिंदुरावचं इंजिनला लावलेलं खांद्याचं हाड दिसत होतं. घरी खैरून एकटी होती. तो मोकळा फिरत होता. मला वाटलं, बाईनं सांगितलंय तेवढं पुरे आहे, मी कशाला? आणि इंदाक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. थकून डोळे मिटून पडली होती. तिनं एकदा बघितलं असतं, बोला म्हणाली असती, तर कदाचित मला राग आला असता.

"कागद नवा घ्या," मी म्हणालो.

हिंदुरावला त्याच संध्याकाळी उचललं. विहिरीतून पोलिसांनी साबूत काटा काढला. कोर्टात मी दोन्ही काटे हातात घेऊन दाखवले. मोडक्या काट्याच्या मोडलेल्या जागी जुना गंज होता, तो चार-आठ दिवसांचा नव्हता, कित्येक वर्षांचा होता. त्याच्या वकिलानं मला विचारलं, "म्हणजे तुम्ही आधी पोलिसांना खोटं सांगितलं?" मी म्हणालो, "हो. भ्यालो होतो." हिंदुराव माझ्याकडे सरळ बघत होता. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

इंदाक्का कुबडी घेऊन घरी आली. दोन एकर तीच बघते. हिंदुरावची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली, त्यामुळं तात्या इंदाक्काकडेच राहिले. दुसरं कुणी नव्हतंच.

निकालानंतर वर्षभरानं असेल, एक दिवस तात्या माझ्या गॅरेजवर आले. एस.टी.नं आले होते. मी एक गिअरबॉक्स धूत होतो. ते बाकावर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. डोक्यावर चार केस उरले होते.

"मिस्त्री, माझ्यावर राग हाय का तुझा?"

"आहे," मी म्हणालो.

"आसंलच." ते थोडा वेळ माझा डावा हात बघत राहिले. "इंदी दोन्ही वेळचं ताट वाढती. आंघुळीला पाणी काढती. आजारी पडलो तर डाक्टर आणती. पर बोलत न्हाई. एक शब्द न्हाई, वर्ष झालं. घरात दोनच माणसं. मी बोलतो, आन् मीच ऐकतो."

मी गिअरबॉक्स दुसऱ्या अंगावर वळवला.

"तुला मानती ती. तू एकदा सांगितलंस तर बोलंल. म्हण, म्हातारा हाय, किती दिवस राहिलेत. एवढं सांग तिला. तूही त्या दिवशी भ्यालासच की. तुला कळतंय."

ते मला कळत होतं. त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं कदाचित. मी हात पुसले, समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि पेला त्यांच्या हातात दिला. पेला सांडू नये म्हणून थोडा वेळ मी तो खालून धरून ठेवला.

"चहा घ्या, तात्या," मी म्हणालो. "पण ते मी सांगणार नाही."

त्यांनी चहा संपवला. परतीची एस.टी. येईपर्यंत ते बसून राहिले आणि मी गिअरबॉक्स धूत राहिलो.